भरून ठेवलेली प्रार्थना

दादा आता रविवारी सगळ्यांच्या आधी देवळात येतो. शिपायानं अजून खिडक्या उघडलेल्या नसतात, बाकांवर फडकं मारलेलं नसतं, तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर भिंतीच्या कडेला बसलेला असतो. गीत सुरू झालं की सगळ्यांबरोबर उभा राहतो, संपलं की बसतो, आणि या सबंध वेळात तोंड उघडत नाही. प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात, बोबडी पोरंसुद्धा म्हणतात, हा मात्र ओठ मिटून खाली बघत राहतो. नवीन लोकांना वाटतं, बिचाऱ्याला वाचा नाही. एका बाईंनी मला तसं विचारलंही. मी म्हटलं, "वाचा आहे हो. चांगली खणखणीत आहे."

जुन्या लोकांना ते ठाऊक आहे. याच देवळात दादा कित्येक वर्षं उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. तो वाचायला उभा राहिला की खोकणारे खोकला दाबायचे. आवाज काही फार मोठा नव्हता, पण शब्द शब्द सुटा यायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. तो माणूस आमचे बाबा गेले त्या रविवारपासून गप्प बसतो, तेव्हा लोक आपापल्या परीनं अर्थ लावतात. कोणी म्हणतं, नम्र झाला. कोणी म्हणतं, चार पैसे आले आणि माज चढला. दोन्ही खोटं आहे. मी त्याची धाकटी बहीण, शाळेत शिकवते, आणि चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच राहिलेलं मला बघवत नाही. म्हणून हे सांगते.

आमचे बाबा घड्याळजी होते. दुकान कसलं, जिन्याखालची एक फडताळाएवढी जागा. एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात तिळाएवढं चाक धरून बाबा दिवसभर वाकलेले असायचे. रविवारी दुकान बंद. लोकांना सुट्टी रविवारी, घड्याळ दुरुस्तीला टाकायला वेळ रविवारी, आणि आमचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद. बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गरिबीशी त्यांचं चांगलं जमलं होतं. आमचं जमत नव्हतं.

एका रविवारी आम्ही धुतलेले कपडे घालून निघालो होतो. आई तेव्हा होती. जिन्याच्या तोंडाशी मोठ्या हॉटेलचा मॅनेजर भेटला. हॉटेलच्या दिवाणखान्यातलं लंबकाचं भलंमोठं घड्याळ बंद पडलं होतं आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते. "आत्ता चला," तो म्हणाला, "आणि यापुढे हॉटेलातल्या सगळ्या घड्याळांचं काम तुमचं." बाबांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "आज बंद आहे, साहेब. उद्या सकाळी सगळ्यात आधी तुमच्याकडे येतो." मॅनेजर हसला आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या घड्याळजीकडे गेला. ते काम त्याला मिळालं ते कायमचं मिळालं. पुढं त्यानं काचेच्या दर्शनी भागाचं दुकान थाटलं.

त्या दिवशी दादानं सबंध उपासनेत समोर बघितलं नाही. त्याच्या बुटाचा पुढचा भाग उसवला होता आणि आत कागद भरला होता, त्याच्याकडे बघत बसला. घरी येताना बाबांना म्हणाला, "मी मोठा झालो ना, की देवालाही नाही म्हणणार नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही म्हणणार नाही."

"बघू या," बाबा म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. त्यांना पोराचं कौतुकच वाटलं होतं.

पुढं आई आजारी पडली. मला तिच्याबद्दल फार आठवत नाही, पण तिचा शेवटचा दिवस आठवतो. दादाला नुकती मिसरूड फुटत होती. पाळकसाहेब घरी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन आले होते. आम्हा सगळ्यांना पलंगाभोवती बसवलं, आणि आईनं दादाला वाचायला सांगितलं. तो वाचत होता, आई डोळे मिटून ऐकत होती, आणि ऐकता ऐकताच गेली. कधी गेली ते आम्हाला कळलं नाही, कारण दादा थांबला नाही. बाबा पुष्कळदा म्हणायचे, "माझीही पाळी येईल तेव्हा असंच होऊ दे. हा वाचेल आणि मी ऐकेन." एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्यात मुलाकडे केलं. ते ध्यानात ठेवा.

दादा लिफ्टच्या कामाला लागला. या धंद्यातली एक गंमत त्यानंच मला सांगितली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जन्मभर जिन्यानंच चढतो, कारण तो येतो तेव्हा लिफ्ट बंद पडलेली असते. हत्यारांची जड पिशवी खांद्याला लावून तो एकेक मजला चढायचा, गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत पोचायचा, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचा. लिफ्टचा दोर तारांचा असतो. जुना झाला की एकेक तार तुटते आणि दोरावरून हात फिरवताना बोटात घुसते. त्याचे तळहात खरवडल्यासारखे झाले होते. इमारतीचा वॉचमन त्याला मागच्या दारानं आत घ्यायचा. हे त्याला लागायचं. "एक दिवस मी पुढच्या दारानं आत जाईन," तो म्हणायचा, "आणि माझ्यासाठी लिफ्ट थांबवून ठेवतील."

आणि इथंही घोडं रविवारपाशीच अडलं. कचेऱ्या रविवारी रिकाम्या असतात, म्हणून लिफ्टची तपासणी रविवारी. सुरुवातीला दादानं दोन्ही सांभाळलं, खोटं कशाला बोलू. पहाटेच निघायचा, एखादी इमारत उरकायचा, आणि शास्त्रपाठाच्या वेळेला बाजूच्या दारानं देवळात यायचा. नखांत काळं, केसांना तेलकट वास, पण वाचायला उभा राहिला की तोच सुटा शब्द. वाचून झालं की त्याच दारानं बाहेर. उपदेश त्यानं ऐकलाच नाही. पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी उपासनेचा क्रमही मागेपुढे केला. मी म्हणायची, "दादा, डॉक्टरसुद्धा पेशंटकडे तुझ्यापेक्षा जास्त वेळ थांबतात." तो हसून माझ्या डोक्यावर टपली मारायचा आणि पळायचा.

मग त्यानं स्वतःची कंपनी काढली. हाताखाली माणसं आली, बाजूच्या दारानं येणंही थांबलं. आपण सुरक्षित जागी बसून उंटावरून शेळ्या हाकणं त्याला तेव्हा जमणारं नव्हतं. प्रत्येक इमारतीत स्वतः हजर. लग्न झालं, वहिनी आली, मुलगी झाली. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. दादा म्हणायचा, "एवढं एक काम हातावेगळं झालं की रविवार मोकळा." ते एक काम कधी संपलं नाही. संपलं की त्याच्या जागी त्या कामाचा मोठा भाऊ उभा असायचा.

त्याच सुमाराला लिफ्टमध्ये बोलणारी यंत्रं आली. मजला आला की सांगणारी, दार लागताना सावध करणारी. कंपन्या कुणा नटीचा आवाज भरून द्यायच्या. दादा म्हणाला, आवाज तर माझ्याकडेच आहे. त्यानं कचेरीतल्या एका खोलीला आतून गाद्या लावल्या आणि स्वतःच बोलला. "तळमजला. कृपया दारापासून दूर उभे राहा. दार बंद होत आहे." ज्या आवाजानं आईला निरोप दिला, तो आवाज इमारती इमारतीतून दारं लावायला लागला. मला पहिल्यांदा ऐकू आला तो दाताच्या डॉक्टरकडे जाताना. मी लिफ्टमध्ये एकटीच होते. मला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज मी एवढ्या शांतपणे ऐकला नव्हता.

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. भिंग लावून काम करता करता एक डोळा गेला, मग दुसरा. दुकान बंद केलं त्या संध्याकाळी बाबांनी घरची प्रार्थना दादावर सोपवली. आमच्या घरात रात्री जेवायच्या आधी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, थोडं वाचायचं आणि घरच्या कर्त्या माणसानं प्रार्थना करायची. तोवर कोणी ताटाला हात लावायचा नाही. "आता कर्ता तू," बाबा म्हणाले. प्रार्थना झाली की दादा बाबांजवळ वाकायचा आणि बाबा त्याचे हात हातात घ्यायचे. घड्याळजीची बोटं ती. चाचपून सांगायचे, "आज दोर बदललास वाटतं," किंवा "इथं नवीन कापलंय, औषध लाव." ते दोघांचं बोलणं असायचं, आणि त्या काळात तेवढंच असायचं.

काही वर्षांत धंदा एवढा वाढला, की दोराला हात लावायचं काम हाताखालच्या माणसांकडे गेलं आणि दादाचं खुर्चीतलं काम रात्रीपर्यंत पुरायला लागलं. कर्ता माणूस घरी यायला तर हवा. ताटं मांडलेली, अन्न निवलेलं, चिमणी खुर्चीतच पेंगलेली, आणि बाबा मान कलती करून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसलेले. मी म्हणायची, "बाबा, मी करते ना प्रार्थना." ते म्हणायचे, "तू वाच. प्रार्थना तो करील. त्याच्यावर सोपवलीय." हट्ट म्हणा हवं तर. मुलगा घरी यावा म्हणून त्यांनी दाराला अडकवलेली ती एकच दोरी होती.

वहिनी एकदा दादाला बोलली. ती सहसा बोलणारी नाही. "अहो, पोर उपाशी झोपतं. लवकर या, नाहीतर काहीतरी सोय तरी करा."

दादानं सोय केली. दोन दिवसांनी तो एक लाकडी डबी घेऊन आला. आत लिफ्टमध्ये बोलतं तेच यंत्र, खाली सेल, वर एक बटण. बटणही लिफ्टचंच, वर जाणाऱ्या बाणाचं. गादीच्या खोलीत बसून त्यानं प्रार्थना भरली होती. चिमणीनं बटण दाबलं आणि टेबलावरून दादाचा आवाज आला. "हे स्वर्गीय बापा, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार मानतो. बाबांच्या डोळ्यांना आराम दे. मावशीला दुखण्यातून बरं कर. चिमणीला परीक्षेत यश दे. आम्हाला एकमेकांजवळ ठेव. हे येशूच्या नावानं मागतो. आमेन."

आम्ही सगळे आमेन म्हणालो. बाबाही म्हणाले. मग त्यांनी डबी हातात घेतली, बोटांनी सगळीकडून चाचपली, बाणापाशी थांबले. "दिशा बरोबर आहे," म्हणाले. आम्ही हसलो. त्या रात्री सगळे गरम जेवलो.

लिफ्टवाल्यालाच सुचावी अशी ती युक्ती होती. ज्या माणसानं कुणीही नसताना बोलणारी यंत्रं गावभर बसवली, त्याला यात काही चूक दिसणार कशी? त्याच्या लेखी मजल्याची सूचना काय आणि प्रार्थना काय, वेळेवर ऐकू आली की काम झालं. तो मनापासून खूश होता. "आता माझ्यावाचून अडणार नाही," म्हणाला. खरंच अडलं नाही. तो आणखी उशिरा यायला लागला.

चिमणीची परीक्षा झाली, निकाल लागला, ती गणितात नापास झाली. डबी रोज संध्याकाळी तिच्यासाठी यश मागतच होती. ती पोर बटण दाबून तिथंच मान खाली घालून उभी राहायची. मग अंथरुणाला खिळलेली मावशी गेली. आम्ही तिला मातीत ठेवून घरी आलो, हातपाय धुतले, टेबलाशी बसलो, आणि सवयीनं चिमणीनं बटण दाबलं. "मावशीला दुखण्यातून बरं कर." वहिनीनं तोंडावर पदर धरला. बाबा थोड्या वेळानं म्हणाले, "मावशीचं त्याला कळवलं नाही का?" दादा स्वतः दफनाला आला होता. खांदा देऊन तिथूनच कामाला गेला होता.

मी त्याला फोन करून वाट्टेल ते बोलले. त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबी घेऊन गेला. मावशीला वगळलं, परीक्षेला वगळलं. तेव्हा बाबांची तब्येत ढासळायला लागली होती. मूत्रपिंडं थकली होती, पायांवर सूज असायची, आणि मध्येच ते घाबरल्यासारखे "कुठंय तो?" असं विचारायचे. मी दादाला ते सांगितलं होतं. त्यानं त्यावरही सोय केली. प्रार्थनेच्या सुरुवातीला नवीन वाक्य भरलं. "बाबा, मी इथंच आहे."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बाबांनी दोन्ही हात पुढं केले. त्याचे हात शोधायला. टेबलावर पाण्याचा पेला होता, तो कलंडला. मग त्यांना कळलं. त्यांनी हात मागं घेतले, गुडघ्यांवर ठेवले आणि पुढची सगळी प्रार्थना मान खाली घालून ऐकली. मला दादाचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आता फार दिवस नाहीत. बाबांना ते सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "पाळकसाहेबांना विचारा, प्रभुभोजन कधी आणतात. आणि त्याला विचारा, कधी येतो. दोघांचं जमेल तो दिवस धरा." पाळकसाहेबांचं लगेच जमत होतं. दादाचं जमेना. त्या वेळी गावातला सगळ्यात उंच टॉवर पुरा होत आला होता आणि त्यातल्या लिफ्ट दादाच्या होत्या. परदेशी कंपनीचे साहेब येऊन बघणार होते. पसंत पडलं तर सगळ्या शहराची एजन्सी त्याची. एकदा दिवस ठरला, दोर उशिरा आले म्हणून बदलला. पुन्हा ठरला, पुन्हा बदलला. दर वेळी तो मला सांगायचा, मी बाबांना सांगायची, बाबा म्हणायचे, "काही हरकत नाही." वेळ मारून नेणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

शेवटी वहिनीनं त्याला दारातच गाठलं. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या आईच्या वेळी तुम्ही होतात. बाबांचंही तेवढं करा. दुसरं काय मागितलंय त्यांनी?"

"मी काय मजा मारायला जातो का? हे सगळं कोणासाठी चाललंय?"

"कोणासाठी ते मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणी मागितलेलं नाही."

दादानं डायरीची पानं फरफर उलटली. मग म्हणाला, "रविवारी. दुपारी. साहेब सकाळी बघतील आणि जातील. मी नक्की येतो. बाबांना सांग, मी शब्द दिलाय."

बाबांनी त्या रविवारी माझ्याकडून आपली दाढी करून घेतली. कपाटातला पांढरा सदरा काढायला लावला. तो आता त्यांच्या अंगावर दुसऱ्याचा वाटत होता. पाळकसाहेब दुपारी आले. पलंगाजवळच्या स्टुलावर पांढरा रुमाल पसरला, त्यावर भाकर आणि छोटा प्याला ठेवला. मी शास्त्राचं पान काढून ठेवलं, आईच्या वेळचंच. मग आम्ही वाट बघत बसलो. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की बाबांची मान वळायची. ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं.

मी फोन लावत होते. दादाचा फोन बंद होता. साहेबांसमोर वाजायला नको म्हणून त्यानं तो बंद केला होता, हे मागाहून कळलं. साहेब सकाळी यायचे ते दुपारी आले, एवढंच झालं होतं. दादानं त्यांना थांबवून "माझे वडील वाट बघताहेत" म्हटलं असतं, तर ते थांबले असते की नाही कोण जाणे. त्यानं म्हटलंच नाही. मला वाटतं, त्या घटकेला त्याला हॉटेलचा मॅनेजर दिसत असणार, हसून कोपऱ्यावर वळणारा.

पाळकसाहेबांना दुसऱ्या घरी जायचं होतं, आणि नंतर संध्याकाळची उपासना. त्यांच्या तोंडून ते निघेना, पण बाबांना त्यांची चुळबुळ कळली. "तुम्ही निघा, पाळकसाहेब. माझ्यापायी तिकडं खोळंबा नको."

"तुम्ही तरी घ्या. मुलगा आल्यावर मी परत येईन, त्याला तेव्हा देईन."

"दोघं बरोबर घेऊ," बाबा म्हणाले. "येईलच तो. शब्द दिलाय."

पाळकसाहेबांनी भाकर आणि प्याला रुमालात गुंडाळून परत नेला. जाताना जिन्यापर्यंत पोचवायला मी गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी परत आले तोवर बाबांचा श्वास बदलला होता. एक घ्यायचे आणि दुसरा घ्यायचा की नाही याचा विचार करत असल्यासारखे थांबायचे. वहिनी डॉक्टरांना बोलवायला धावली. चिमणी दाराशी उभी राहून आजोबांकडे एकटक बघत होती.

दादा आला तेव्हा बाहेर दिवे लागत होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तो जिने धावत चढला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टॉवरचा पास. एजन्सी त्याला मिळाली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं काय ते ओळखलं आणि चौकटीला धरून श्वास ओढत राहिला.

आतून बाबांचा आवाज आला. अगदी बारीक. "प्रार्थनेची वेळ झाली का गं?"

"झाली, बाबा."

सवयीनं मी डबीकडे हात नेला. दादानं माझा हात धरला आणि मानेनं नाही म्हटलं. तो पलंगाशी गुडघ्यावर बसला. स्टुलावर शास्त्र उघडं होतं, पण त्याच्या डोळ्यांना पाण्यामुळं अक्षर दिसत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

"बाबा, मी इथंच आहे."

बाबा हलले नाहीत.

"हे स्वर्गीय बापा, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार मानतो. बाबांच्या डोळ्यांना आराम दे..." तेच शब्द, त्याच क्रमानं. त्याच्याकडे दुसरे शब्द उरलेच नव्हते. इतक्या दिवसांत त्यानं दुसरी प्रार्थना केलीच नव्हती. फक्त आवाज तुटत होता, एकेका शब्दावर अडकत होता.

"सेल संपत आले वाटतं," बाबा म्हणाले. "आवाज कसा थरथरतोय. बंद कर ते."

"बाबा, मीच आहे. खरंच मी आहे." दादानं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

बाबांनी त्याच्या तळहातावरून बोटं फिरवली. सावकाश, पुन्हा एकदा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाचे हात होते ते, मऊ, स्वच्छ, कुठंही ओरखडा नसलेले.

"पाळकसाहेब," बाबा म्हणाले, "तुम्ही परत आलात. फार बरं केलंत. थोडं थांबा. माझा मुलगा येतोय."

दादानं त्यांचा हात तसाच धरून ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, तो आलाय. हा दादाच आहे." त्यांनी ऐकलं की नाही मला सांगता येत नाही. त्यांनी माझा गाल थोपटला, लहानपणी थोपटायचे तसा. माझी समजूत काढत होते.

"मी जरा पडतो," ते म्हणाले. "तो आला की मला उठव."

"उठवते," मी म्हटलं.